सातव्या मेजावरचा ठिपका

१

दर तासाला तोकुजी ओरिहारा बाराही मेजांपाशी जाई, प्रत्येक मेजावरून पाच सुया न बघता उचली आणि खिडकीशी येऊन त्या मोजत बसे. न बघता उचलण्यावर त्याचा फार कटाक्ष होता. बघून उचललं की हात आपोआप चांगलीच सुई निवडतो, मग मोजायचं काय, स्वतःची लबाडी? असं तो नव्या पोरींना दरडावून सांगे. पोरी खाली मान घालून ऐकत आणि त्याची पाठ वळली की त्याची नक्कल करत. त्यालाही ते ठाऊक होतं.

गाव समुद्राकाठचं, हिवाळाभर बर्फाखाली दबलेलं. युद्ध संपून पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि सगळ्या जपानला एकच वेड लागलं होतं, आपला माल जगात कुणी नावं ठेवू नयेत असा निघाला पाहिजे. या सुयांच्या कारखान्यातही ते शिरलं. टोक्योहून एक प्राध्यापक येऊन चार दिवस शिकवून गेले. त्यांचं बोलणं बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं आणि तोकुजीच्या मात्र हाडीमाशी खिळलं. तेव्हापासून बायका त्याला मास्तर म्हणू लागल्या.

सुईला नेढं पाडायचं काम बायकांचं. पायाने दट्ट्या दाबायचा, हाताने तार सरकवायची, की टक्कन नेढं पडे. ते टोकापासून किती अंतरावर पडलं हे तोकुजी मोजे. प्रत्येक मेजावर भिंतीला एक आखीव कागद टांगलेला असे. त्यावर तो दर तासाला ठिपके मांडी, वर पाच सुयांची सरासरी, खाली सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापातला फरक. मधोमध एक काळी रेघ, आणि लाल रेघांची कुंपणं.

"लाल रेघांच्या आतला ठिपका असेल तिथे असू द्या," तो सांगे. "तो यंत्राचा आणि माणसाचा स्वभाव. बाहेर गेला तरच कारण शोधा. आतल्याला छेडाल तर बरं चाललंय तेही बिघडवून बसाल."

कागद पाहून बाई ओळखायची त्याला सवय लागली होती. पहिल्या मेजावरची किकुएमावशी सगळ्यांत थोरली, जेवली की पेंगायची, म्हणून तिचा ठिपका दुपारी घसरे. चौथ्यावरची योशिनो गुणगुणत काम करी आणि गाण्यागणिक तिचा ठिपका हेलकावे खाई. सातव्या मेजावरचा ठिपका चिमणीसारखा कुठूनही कुठे उडे, पण रेघ कधी ओलांडत नसे. तिथे त्याची मुलगी चिसे बसायची. ती डावरी होती. सगळी यंत्रं उजव्या हातासाठी केलेली, आणि ही मुलगी तिरकी बसून डाव्या हाताने तार सरकवायची.

शाळेत तिचा डावा हात बांधून ठेवत. घरी आली की ती तो सोडी आणि आईसारखीच डाव्या हाताने काड्या धरून जेवायला बसे. आई वारल्याला आता बरीच वर्षं झाली होती. घरात तोकुजीचं दुसरं कुणी नव्हतं. सातव्या कागदावर ठिपका मांडताना तो रोज मनातल्या मनात हसे, आणि ते हसू कुणाला दिसू नये म्हणून नाक शिंकरल्यासारखं करी.

२

गुणवत्तेचं एक मोठं पारितोषिक होतं. मार्चमध्ये त्याचे परीक्षक कारखाना बघायला येणार होते. मालक नागुराशेठ यांची झोप उडाली होती. एक दिवस ते मेजामागून मेज बघत सातव्याशी येऊन उभे राहिले.

"हे काय रे?"

"रेघांच्या आत आहे, शेठ."

"आत आहे ते मलाही दिसतं. मी आंधळा नाही. पण डोळ्यांत खुपतंय ना! अकरा कागद कसे शहाण्यासारखे, आणि हा एक नाचतोय." मग आवाज उतरवून म्हणाले, "दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर तू गप्प बसला असतास का, खरं सांग?"

हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. खरं तर दुसऱ्या कुणाची मुलगी असती तरीही तो गप्पच बसला असता, प्राध्यापकांनी शिकवलंच होतं तसं. पण आपल्या प्रामाणिकपणावर शंका घेतलेली त्याला खपत नसे, आणि माणूस बहुधा अशाच वेळी गाढवपणा करतो.

जेवताना त्याने विषय काढला. "उद्यापासून उजव्या हाताने कर."

चिसेने काड्या खाली ठेवल्या. "आतल्या ठिपक्याला छेडायचं नाही, हे कोण सांगतं हो?"

"वाद घालू नकोस. मार्चपर्यंतच."

"मार्चपर्यंत माझा हात उसना पाहिजे म्हणा की." ती हसली. हसताना तिची एक भुवई वर जाई, तीही आईचीच. "पण बाबा, परत द्याल ना नक्की?"

"देईन गं. तुझा हात मला काय लोणच्यात घालायचाय?"

दुसऱ्या दिवसापासून ती डावा हात फडक्याने कमरेच्या दोरीला बांधून मेजावर बसू लागली. सुरुवातीला बोटं चेचली, डोळ्यांतून पाणी आलं. आठवडाभरात तिचा ठिपका शांत झाला. मालकांनी तिला बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

शनिवारी काम संपलं की बायका स्टोव्हभोवती चहाला बसत आणि काम कसं सुधारायचं ते ठरवत. त्या शनिवारी किकुएमावशी पेला खाली ठेवून म्हणाली, "काल आलेली पोर जन्माचा हात बदलते, आणि आपण काय गं? मला दुपारची पेंग सोडवत नाही. योशिनोला गाणं सोडवत नाही."

"गाणं सोडलं तर मी तोंडाने करू काय?" योशिनो म्हणाली. सगळ्या हसल्या.

"गप्प बैस काही दिवस. नवऱ्याला बरं वाटेल," किकुए म्हणाली, आणि आणखी हशा पिकला.

आपण एवढ्या हसऱ्या बायकांचे मास्तर आहोत, म्हणून तोकुजीचा ऊर भरून आला. ते हसू त्या दालनातलं शेवटचं, हे त्या वेळी त्याला कसं कळावं?

३

पुढचे दिवस ठिपके काळ्या रेघेजवळ सरकत राहिले. पेंग गेली, गाणं गेलं. खालच्या भागातला, फरकाचा ठिपका उतरत चालला.

मग एका सकाळी सातव्या मेजावरच्या पाचही सुयांचं माप एक आलं. फरक शून्य.

तोकुजीला आधी वाटलं, हातातलं छोटं मापनयंत्र अडकलं. त्याने ते पुसलं, पुन्हा मोजलं. शून्य. मग जुन्या पेटीतल्या सुया काढून मोजल्या, तर फरक नेहमीसारखा येत होता. म्हणजे यंत्र ठीक होतं. त्याने आणखी एक उद्योग केला. जुनी एकच सुई पुन्हापुन्हा मोजली. मोजणाऱ्या हाताचा दाब बदलतो, थंडीने धातू आकसतो, त्यामुळे एकाच सुईचं मापही थोडंथोडं हलतं. हलायलाच हवं. ते हललं. मग त्याने चिसेची सुई पुन्हापुन्हा मोजली.

ती हलली नाही.

चुका सुधारता येतात, कमी करता येतात, पण शून्य? शून्य माणसाच्या हातून होत नाही. यंत्राच्याही होत नाही. वाऱ्याची झुळूक, दिव्याची आच, सुई धरणाऱ्याची नाडी, हे सगळं कुठे गेलं? मोजणारा तर तो स्वतः होता. मग त्याच्या हाताचं थरथरणंसुद्धा त्या सुईला लागत का नव्हतं?

आठवडा संपायच्या आत बाराही मेजांचा फरक शून्यावर येऊन बसला. कागदावर ठिपक्यांची सरळ ओळ लागली, पट्टी ठेवून मारल्यासारखी. तो मालकांकडे धावला.

"शेठ, काहीतरी चुकतंय. हे असं होऊच शकत नाही."

नागुराशेठ खुर्चीतून उठून त्याच्या गळ्यात पडायचे बाकी राहिले. "अरे, रोगी ठणठणीत झाला म्हणून रडणारा वैद्य मी पहिल्यांदाच बघतोय!"

"पण कारण कळायला नको?"

"रेघेबाहेर गेला तर कारण शोधायचं, हे तूच सांगतोस ना?" मालक म्हणाले. "मग हा तर सगळ्यांत आत आहे."

४

फेब्रुवारीत सुयांचा दिवस येतो. त्या दिवशी शिवण बंद, कारखाना बंद. वर्षभरात मोडलेल्या, वाकड्या झालेल्या सुया तोफूच्या, म्हणजे सोयाच्या दुधाच्या मऊ पांढऱ्या ठोकळ्यात टोचतात. कष्ट केलेस, आता मऊ जागी नीज, म्हणून हात जोडतात आणि ठोकळा देवळात पोचवतात. चांगली सुई टोचत नाहीत. तो तिचा अपमान.

तोफू विकणारी ओत्सुगी म्हातारी बर्फातून ठोकळा घेऊन आली. वाकड्या सुयांची पेटी उघडली तर आत काहीच नाही, आधीच्या महिन्यांत टाकलेल्या सुयाही नाहीत. दर वर्षी ती ओसंडून वाहायची.

"हे बरंय, मास्तर!" म्हातारी म्हणाली. "बिननवऱ्याची वरात! देवाला काय, नुसता तोफू चाखायला देणार?"

कुणी हसलं नाही. बारा बायका पांढऱ्या अंगरख्यांत ओळीने गुडघ्यांवर बसल्या होत्या. आता काय करावं, हे तोकुजीलाही सुचेना. तेवढ्यात मालकांचा फोन आला म्हणून शिपाई बोलवायला आला. तो गेला, परीक्षकांच्या जेवणाचं बोलून परत आला. बायका तशाच बसल्या होत्या. ओत्सुगी निघून गेली होती आणि पैसे न्यायला विसरली होती. ती कधी पैसे विसरत नसे.

ठोकळ्यात भोकं पडली होती. एका ओळीत, बारा. सुई एकही नव्हती.

"काय टोचलंत?"

"वाकडी सुई नव्हती, मास्तर," किकुएमावशी म्हणाली. तिचा आवाज चांगला खरखरीत होता, सिगारेट ओढून ओढून झालेला. आता तो स्वच्छ होता. "मोकळा कसा पाठवायचा? मग आम्ही आमचंआमचं वाकडं दिलं."

"तुमचं वाकडं म्हणजे काय?"

तिने मान किंचित कलती केली. तिच्या पाठोपाठ नव्हे, तिच्याबरोबरच, बाकीच्या अकराही माना तेवढ्याच कलत्या झाल्या.

तोकुजी खाली बसला. भोकांमधलं अंतर सारखं होतं, ते मोजून बघायची गरज नव्हती. का कुणास ठाऊक, त्याने सातव्या भोकात करंगळी घातली. ठोकळा बर्फाच्या पाण्यातून आणलेला, दालनात श्वासाची वाफ दिसत होती. आणि भोक आतून कोमट होतं, नुकताच हात काढून घेतलेल्या हातमोज्यासारखं.

तो झटक्यात मागे सरला. चिसेकडे पाहिलं. तिच्या कमरेच्या दोरीला फडकं नव्हतं.

"सोडलंस?"

"आता लागत नाही, बाबा," ती म्हणाली.

५

सकाळी तो अंथरुणात पडून जिन्याकडे कान लावून होता. वरून तिसरी पायरी करकरते. चिसे लहानपणापासून ती उडी मारून टाळायची, मग धपकन चौथीवर यायची, आणि तो रोज ओरडायचा की घर पाडशील. आज पायरी करकरली. मग पुढची वाजली, मग पुढची, सगळ्यांवर तेवढाच भार देत.

न्याहारीला मुळ्याच्या चकत्या होत्या. तोकुजी त्या ताटलीकडे बघत राहिला. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटत होती, तरी त्याने कोटाच्या खिशातून मापनयंत्र काढलं आणि एकेक चकती दोन बोटांत धरून मोजू लागला. मुळ्याला पाणी सुटतं. मुळा मऊ असतो. कुणाच्याही सुरीखाली तो दोनदा सारखा कापला जाणार नाही.

सगळ्या चकत्या सारख्या होत्या.

चिसे समोर बसून बघत होती. हसत नव्हती, चिडतही नव्हती. "मोजून झालं, बाबा?"

"पोरी," तो मापनयंत्र बाजूला सारत म्हणाला. "पारितोषिक गेलं खड्ड्यात. मार्चची वाट नको बघूस. माझं चुकलं, तुला छेडायला नको होतं मी. आजपासून डाव्या हाताने जेव, डाव्या हाताने काम कर. ठिपका नाचू दे. घे तुझा हात परत."

त्याने काड्या तिच्या डाव्या हाताशी नेल्या. तिने तो हात उचलला, उलटा केला, सुलटा केला. आगगाडीत कुणाची विसरलेली वस्तू सापडावी तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"हा तर दिला ना," ती म्हणाली.

"कुणाला दिला? चिसे, कुणाला?"

"जेवा. थंड होईल."

त्याने तिचे खांदे धरून हलवले. एवढं हलवलं की तिचे केस सुटायला हवे होते. "तुझी आई कशी हसायची, सांग. भुवई कशी करायची ती?"

चिसे हसली. दोन्ही भुवया सारख्या वर गेल्या.

तोकुजीने तिचे खांदे सोडले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "चला." तो किकुएचा आवाज होता की योशिनोचा, ते त्याला ओळखता आलं नाही. आणि दाराशी बूट घालताना चिसे "आले" म्हणाली, तर तोही तोच आवाज होता.

६

तो अनवाणीच धावत सुटला. मग परत येऊन बूट चढवले आणि पुन्हा धावला. आज तिला हाताला धरून बाहेर काढायचं, गावाबाहेर न्यायचं, तिच्या मामाकडे ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. रात्रभर बर्फ पडला होता आणि रस्ता कोराच होता. गल्लीतून बारा बायका गेल्या होत्या हे त्याने दारातून पाहिलं होतं. बर्फात पावलांची एकच ओळ होती. प्रत्येकीने पुढचीच्या पावलात पाऊल ठेवलं होतं, आणि कडासुद्धा ढासळल्या नव्हत्या. परक्या माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, इथून एक बाई गेली.

कारखान्याच्या दारातच तो थबकला. बारा दट्ट्यांचा आवाज म्हणजे एरवी पत्र्यावर पडणाऱ्या गारा, कुणाचा पुढे, कुणाचा मागे. तो आवाज ऐकतच त्याची उमर गेली होती. आज एकच ठोका पडत होता. टक्. मग थांबणं. मग टक्.

मी घाबरलोय, म्हणून मला असं ऐकू येतंय, त्याने स्वतःला बजावलं. बायका सरावल्या आहेत, एका तालात काम करताहेत, एवढंच. वल्ही मारणारे कोळी नाही का करत?

तो आत गेला. खिडक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड आला होता. बारा पाठी. पांढरे अंगरखे, कपाळापर्यंत ओढलेल्या पांढऱ्या टोप्या, नाकातोंडावर पांढऱ्या पट्ट्या. नियमच तसा होता, धूळ बसू नये म्हणून त्यानेच केलेला. ठेंगणी किकुए कुठली आणि उंच योशिनो कुठली, हे तरी पाठीवरून कळायला हवं होतं. तो ओळीवरून नजर फिरवत गेला आणि त्याला एकही खांदा वर किंवा खाली सापडला नाही.

तो सातव्या मेजापाशी गेला. तिथली बाई उजव्या हाताने तार सरकवत होती. सहाव्या मेजावरची तशीच सरकवत होती. आठव्यावरचीही.

"चिसे," तो म्हणाला. ठोक्यात ते बुडून गेलं. मग जोर करून ओरडला, "चिसे!"

ठोका थांबला. बारा माना वळल्या. टोपी आणि पट्टी यांच्यामधून बारा जोड्या डोळे त्याच्याकडे बघू लागले. सगळे डोळे त्याच्या ओळखीचे होते. चिसेचे, बायकोच्या डोळ्यांवर गेलेले.

"काय, बाबा?" दालन म्हणालं.

त्याने सातव्या मेजाचा कोपरा घट्ट धरला. सातवीच्या तोंडावरची पट्टी ओढावी असं त्याला वाटलं, हात अर्ध्यावर गेलाही. पण पट्टीखाली चिसे निघाली, आणि मग आठवीची ओढली तर तिच्याखालीही निघाली, तर? तो हात त्याने तसाच खाली आणला. नाही, तोंड बघायला नको. ओळखायची एक खूण होतीच की. एकच होती. तिच्या आईने दिलेली, शाळेलाही पुसता न आलेली.

"पोरी," तो रडत म्हणाला, "मी परत देतो म्हणालो होतो ना? बाकी काही नको करूस. डावा हात वर कर फक्त. मी तुला घरी नेतो. डावा हात, चिसे."

बारा जणींनी आपापल्या हातांकडे पाहिलं. आधी एका हाताकडे, मग दुसऱ्या. त्यांना काहीतरी आठवत होतं की काय कोण जाणे.

मग बारा उजवे हात वर गेले आणि एका उंचीवर थांबले. ते खाली येईनात.

"मोजा ना, बाबा," त्या म्हणाल्या.